रूळ टाकलेत, तारा ओढल्यात; आता गाड्यांची ऑर्डर द्या

प्रति,
रेल्वेच्या नव्या गाड्यांची मागणी, बांधणी आणि वाटप ठरवणारे सर्व वरिष्ठ अधिकारी,
आणि ज्यांनी त्यांना जाब विचारायला हवा ते सोलापूर जिल्ह्याचे लोकप्रतिनिधी यांस,

स.न.वि.वि.

आम्हा अपडाऊन करणाऱ्या काही जणांनी दिलेल्या निवेदनाला परवा उत्तर मिळालं. मागणी साधी होती. सकाळी सोलापूरहून कुर्डुवाडीमार्गे दौंडपर्यंत, सगळ्या स्टेशनांवर थांबणारी आणखी एक गाडी सोडा. उत्तर त्याहून साधं होतं, 'रेक उपलब्ध नाही.' रेक म्हणजे एका गाडीसाठी जोडलेल्या डब्यांचा अख्खा संच. सांगणारे गृहस्थ सभ्य होते, बसायला खुर्ची दिली, चहा विचारला. ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. रेक खरोखरच नसेल, आणि तो आणणं त्यांच्या हातात नाही हेही खरं. म्हणून हे पत्र त्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. पाकिटात घातलं असतं तर त्यावर आवक क्रमांक पडला असता, एवढंच. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते.

माझं म्हणणं असं की आमच्याकडे लाईन दुहेरी झाली, डोक्यावर तारा आल्या, आता तुळजापूरची नवी लाईनही होते आहे. पण या सगळ्यावर रोजच्या माणसांसाठी धावायच्या विजेच्या गाड्या, म्हणजे मेमू, किती मागवल्या आहेत आणि त्यातल्या आमच्या विभागाला किती मिळणार, हे कुणीच सांगत नाही. त्या मागवा. लाईन पूर्ण झाल्यावर नको, आत्ताच.

मी शाळेत गणित शिकवते. राहायला सोलापुरात, रेल्वे लाइन्सच्या मागच्या बाजूला. शाळा माढा तालुक्यात. बदली करून घ्या असं पुष्कळांनी सुचवलं, पण घरी सासूबाईंचं डायलिसिस चालू आहे, ते सोलापुरात होतं. सोलापूर सोडता येत नाही आणि शाळाही. माझ्यासारखे किती तरी. डब्यात मोहोळच्या दवाखान्यातली नर्स असते, कुर्डुवाडीच्या बँकेतले कॅशियर असतात, आयटीआयची पोरं असतात, केमहून कुंकवाची पोती घेऊन येणारे असतात, आणि पहाटे मेथी-शेपूच्या जुड्या बांधून सोलापूरच्या बाजारात बसायला निघालेल्या बायका असतात. यांतलं कुणी हौसेनं फिरायला निघालेलं नसतं. गाडी चुकली की कुणाचा खाडा पडतो आणि कुणाची भाजी सुकते.

आता तुम्हाला ठाऊक असलेल्याच चार गोष्टी सांगते, कारण त्या एकापुढे एक ठेवल्या की त्यांचा अर्थ बदलतो.

सोलापूरला रेल्वे आली १८६० साली. देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला मुंबईच्या व्हीटीहून कुर्ल्याला धावली, ती जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचीच, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वजाची. ती लोकलच होती. वेगळं इंजिन नाही, डब्यातच मोटर, दोन्ही टोकांना चालकाची केबिन. त्यानंतर शंभर वर्षं होऊन गेली. दौंड ते सोलापूर, पुढे कलबुर्गीपर्यंतची लाईन दुहेरी व्हायला २०२२ उजाडलं. मध्य रेल्वेच्या सगळ्या ब्रॉडगेज मार्गांचं विद्युतीकरण फेब्रुवारी २०२३ मध्ये पूर्ण झालं. त्यात शेवटी तारा ओढल्या गेल्या त्या औसा रोड ते लातूर रोड या तुकड्यावर, आणि तो तुकडाही आपल्या सोलापूर विभागातला. म्हणजे शेपूट आमचंच होतं, ते एकदाचं पूर्ण झालं. पेढे वाटले गेले असतील. बरोबरच होतं.

त्याच फेब्रुवारीत, १० तारखेला, सोलापूर–मुंबई वंदे भारत सुरू झाली. चारशे पंचावन्न किलोमीटर साडेसहा तासांत. चांगली गाडी आहे, मीही बसले आहे, आणि तिला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. पण एक गोष्ट विद्यार्थ्यांना सांगते तशी सांगते. वंदे भारत ज्या तत्त्वावर चालते त्याच तत्त्वावर मेमू चालते. वेगळं इंजिन नाही, मोटर डब्यांखाली, दोन्ही टोकांना केबिन. वेग कमी, गाद्या साध्या, चहा-नाश्ता नाही. १९९४ पासून देशात मेमू धावताहेत, कलकत्त्याच्या बाजूला तर लोकांना त्यांचं अप्रूपही उरलेलं नाही. वंदे भारत आमच्या जिल्ह्यात कुर्डुवाडीशिवाय दुसरीकडे थांबत नाही, आणि थांबूही नये, ती लांबची गाडी आहे. मग पाकणी, मोहोळ, अनगर, वाकाव, माढा, वडसिंगे, केम, जेऊर, पारेवाडी, जिंती रोड, या लोकांची वंदे भारत कुठली? ती मेमूच. तंत्र तेच, कारखाने देशातलेच, फक्त ऑर्डर हवी.

आता तक्रारी.

पहिली, कोरोनाची. मार्च २०२० मध्ये गाड्या बंद झाल्या, ते समजण्यासारखं होतं. पुढे त्या परत आल्या त्या 'एक्स्प्रेस' होऊन. डबे तेच, वेग तोच, आणि किमान तिकीट दहाचं तीस. मोहोळच्या भाजीवालीला एका दिवसात एक्स्प्रेसचं भाडं लागू झालं आणि एक्स्प्रेसचं काहीच मिळालं नाही. ते भाडं फेब्रुवारी २०२४ मध्ये कमी झालं, त्याबद्दल आभार. पण भाडं परत आलं म्हणून जुनी पॅसेंजरची सवय परत आली नाही. त्या मधल्या काळात माणसं वडापला लागली. जीपमध्ये मागच्या दोन बाकांवर किती जण बसवतात हे कधी महामार्गावर उभं राहून पाहा. आणि मग तुमच्याच बैठकीत कुणी तरी म्हणतं, 'या पट्ट्यात पॅसेंजरला प्रतिसाद नाही.' गाडी काढून घेतल्यावर प्रतिसाद कसा मोजला, हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

दुसरी तक्रार जनरल डब्याची. सगळीकडे थांबणाऱ्या गाड्या अपुऱ्या, म्हणून रोजची माणसं लांबच्या गाड्यांत शिरतात. ती गाडी येते हैदराबादहून नाही तर चेन्नईच्या बाजूने, जनरल डबा दारापर्यंत भरलेला. मोहोळच्या फलाटावर ती थांबते तेव्हा दारात आधीच चार जण पिशव्यांवर बसलेले असतात. त्यांची रात्र तिथेच गेलेली असते, त्यांचा काय दोष? खाली उभी असलेली बाई आधी डोक्यावरचं भाजीचं गाठोडं आत सरकवते. ते कुणाच्या तरी मांडीवर जातं, आतून शिव्या येतात. मग ती दांडी धरून पाय वर टाकते, आणि तेवढ्यात गाडी हलते. गाठोडं आत, बाई खाली, असं मी पाहिलेलं आहे. गाठोडं कुर्डुवाडीला पोरांनी उतरवून ठेवलं. बाई नशीबवान म्हणायची, कारण उलटंही होऊ शकलं असतं.

पास काढलेल्यांचं आणखी वेगळं. पास दीडशे किलोमीटरपर्यंत मिळतो, पण तो आरक्षित डब्यात चालत नाही. जनरलमध्ये जागा नाही, आरक्षित डब्यात गेलो की दंड आणि भांडण. तिकीट तपासनीस त्याचं काम करतो, आरक्षण केलेला प्रवासी त्याच्या हक्काचं बोलतो, आणि आम्ही दाराशी उभे राहून दोघांचं ऐकून घेतो. तिघंही आपापल्या जागी बरोबर, आणि डबा एकच.

तिसरी तक्रार जुन्या पद्धतीच्या गाडीची, आणि इथे मला जरा थांबायचं आहे, कारण रेल्वेबाहेरच्या माणसांना हे कळत नाही आणि आतल्या माणसांना ते सांगायची गरज वाटत नाही. इंजिन लावून ओढलेली पॅसेंजर शेवटच्या स्टेशनात पोचली की काय होतं? आधी कपलिंग सोडायचं. एक माणूस इंजिन आणि डब्याच्या मधे उतरतो, ब्रेकच्या हवेच्या नळ्या बंद करतो, सोडतो, फुस्सकन आवाज येतो. इंजिन पुढे जातं. शेजारची लाईन मोकळी असेल तर तिच्यावरून गाडीला वळसा घालून दुसऱ्या टोकाला येतं. मोकळी नसेल तर वाट बघतं. मग पुन्हा जोडणी, पुन्हा नळ्या, पुन्हा हवेचा दाब भरून ब्रेकची तपासणी. एवढं झाल्यावर गाडी परतीला तयार. मेमूत चालक बॅग उचलतो, फलाटावरून चालत दुसऱ्या केबिनमध्ये जातो, आणि गाडी निघायला तयार होते.

शिवाय स्टेशनं जवळजवळ. गाडी सुटून वेग घेते न घेते तोच पुढचं स्टेशन. एकट्या इंजिनाने ओढलेली गाडी वेग धरायला जो वेळ घेते, तो मोटर वाटून दिलेल्या गाडीला लागत नाही. दर स्टेशनाला थोडा थोडा वेळ वाचला तर सोलापूर ते दौंड या एकशे सत्त्याऐंशी किलोमीटरमध्ये किती वाचेल? सातवीतलं पोर सांगेल. नव्या थ्री-फेज मेमू ब्रेक लावताना वीज परत तारेत सोडतात, म्हणजे जितके थांबे जास्त तितका तो फायदा अधिक. आणि विजेबद्दल आम्हाला कुणी शिकवायला नको. होटगीजवळच्या फताटेवाडीत एनटीपीसीचं १,३२० मेगावॉटचं केंद्र आहे, त्यात उजनीचं पाणी जातं, कोळशाच्या वाघिणी आमच्याच लाईनवरून जातात आणि त्यांना वाट द्यायला आमची गाडी बाजूला उभी राहते. वीज आमच्या उशाशी तयार होते. तारेखालून डिझेलचा धूर सोडत जाणाऱ्या डेमू विद्युतीकरण झालेल्या मार्गांवर देशात कितीतरी ठिकाणी अजून धावतात, त्यांचा हिशेब मग कुणाला विचारायचा?

चौथी तक्रार म्हटलं तर तक्रार नाही, भीती आहे. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव लाईन.

या लाईनला जानेवारी २०१९ मध्ये मंजुरी मिळाली, पंतप्रधानांनी सोलापूरच्या सभेत तसं सांगितलं. लांबी सुमारे ८४ किलोमीटर. खर्च वाढत वाढत ३,२९५ कोटींच्या घरात गेला आहे आणि निम्मा भार राज्य सरकार उचलतं आहे. म्हणजे आमच्याच करातले पैसे दोन्ही खिशांतून. तक्रार नाही, लाईन हवीच आहे. कोजागिरीच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरला रात्रभर माणसं चालत जातात, तो रस्ता एकदा पाहिला की कुणीही सांगेल की लाईन आधीच व्हायला हवी होती. पण या लाईनवर गाडी कुठली धावणार, हे मी जिथे जिथे विचारलं तिथे उत्तर आलं, 'आधी लाईन तर होऊ द्या.'

साहेब, चूल पेटवायची, तवा तापवायचा आणि मग ज्वारी घेऊन गिरणीत जायचं, असं कुणी करत नाही. नवी गाडी दुकानात टांगलेली नसते. डबे बांधणाऱ्या कारखान्यांचा कार्यक्रम वर्षा-वर्षाचा आधी ठरतो. झोनने, म्हणजे आमच्यासाठी मध्य रेल्वेने, मागणी करायची, रेल्वे मंडळाने ती मान्य करायची, पैसे ठेवायचे, मग पेरांबूरला किंवा कपूरथळ्याला डबे बनायचे, चाचण्या व्हायच्या, मग वाटप. या रांगेत जो उशिरा उभा राहतो त्याला दुसऱ्याचा टाकून दिलेला रेक मिळतो. देशात नवी लाईन उघडते तेव्हा झेंडा, हार, फोटो, आणि दिवसातून एखादी गाडी, तीही अशा वेळेला की जाणारा त्या दिवशी परत येऊ शकत नाही, हे चित्र काही नवं नाही. तुळजापूरचं असं होऊ नये.

आणि झालीच तर या लाईनमुळे एक फार सुंदर गोष्ट होते, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. धाराशिव आज कुर्डुवाडी–लातूर मार्गावर आहे. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव जोडलं गेलं की सोलापूर, तुळजापूर, धाराशिव, बार्शी, कुर्डुवाडी, माढा, मोहोळ, पुन्हा सोलापूर असं वर्तुळ पुरं होतं. भोवताली पंढरपूर, अक्कलकोट, गाणगापूर. आषाढी-कार्तिकी, नवरात्र, दत्ताची पौर्णिमा, जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. आमच्याकडे वर्षभर कुठे ना कुठे गर्दी असतेच. आठ डब्यांच्या दोन मेमू जोडल्या की सोळा डब्यांची गाडी होते, यात्रा संपली की पुन्हा सुट्या. एखाद्या जंक्शनात दिशा बदलायची वेळ आली तरी इंजिन फिरवायला नको. हे वर्तुळ कागदावर काढायला पेन्सिल पुरते. चालवायला रेक लागतात.

बार्शीचं नाव निघालं म्हणून सांगते. १८९७ मध्ये बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली, अडीच फुटी नॅरोगेज, कुर्डुवाडी ते बार्शी, पुढे पंढरपूर, लातूर, मिरज. आमच्या आजीच्या पिढीने त्या गाडीला लाडाने आणि रागाने जी नावं ठेवली ती इथे लिहीत नाही. पण ती छोटी कंपनी लाईन टाकतानाच डबे आणि इंजिनं कुठली घ्यायची याचा विचार करत होती. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने अरुंद रुळांना झेपतील असे डबे मुद्दाम आखून घेतले होते. सव्वाशे वर्षांपूर्वी हे जमत होतं.

पाचवी गोष्ट मला सगळ्यात जास्त डाचते. लातूरचा मराठवाडा रेल्वे कोच कारखाना. २०१८ मध्ये भूमिपूजन, डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला. तेव्हा सरकारनेच सांगितलं होतं की इथे वर्षाला अडीचशे डबे होतील, मेमू, ईएमयू, एलएचबी आणि ट्रेनसेट या प्रकारांतले. त्या यादीत मेमूचं नाव पहिलं होतं. पुढे तिथे वंदे भारत स्लीपर बांधायचं ठरलं, १२० गाड्यांचं कंत्राट झालं. होऊ द्या. लातूरच्या पोरांना काम मिळतंय याचा आनंदच आहे. पण ज्या रुळांवरून त्या कारखान्याचं सामान येणार-जाणार, ते रूळ कुर्डुवाडीला येतात, आणि त्या रुळांवरच्या गावांना मेमू मात्र नाही, हे कुणाला विचित्र वाटत नाही का?

२०२५ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी सोळा ते वीस डब्यांच्या शंभर नव्या मेमू बांधण्याचं जाहीर केलं, काझीपेटच्या नव्या कारखान्याचं नावही त्यासोबत आलं. मुंबईसाठी २३८ वातानुकूलित लोकल घ्यायच्या ठरल्या आहेत. मुंबईच्या लोकलमधून माणसं पडून मरतात, त्यांना आधी मिळू देत, यावर माझा वाद नाही, सोलापूरच्या कुणाचाही नसेल. आमच्या निम्म्या भाचे-पुतण्यांचा संसार तिकडेच आहे. प्रश्न त्या शंभरांचा आहे. त्यातल्या सोलापूर विभागाला किती? शून्य असेल तर शून्य म्हणा. शिक्षिकेला कोऱ्या उत्तरपत्रिकेपेक्षा चुकीचं उत्तर चालतं.

आता तुम्ही काय म्हणाल तेही माहीत आहे.

पॅसेंजर तोट्यात चालते, असं म्हणाल. प्रवासी भाड्यात सरासरी सुमारे ४५ टक्के सवलत रेल्वे स्वतः सोसते, असं सरकार सांगतं. मान्य. पण तोटा होतो म्हणून महाग पद्धतीने गाडी चालवायची आणि मग तोटा वाढला म्हणून ती बंद करायची, हा कुठला हिशेब? इंजिन फिरवण्याचा वेळ नको, वीज परत मिळते, तोच रेक दिवसात जास्त फेऱ्या मारतो. तोटा कमी करायचा हाच तर रस्ता आहे.

लाईनवर वाव नाही, असं म्हणाल. मग दुहेरीकरण कशासाठी झालं? ते होईपर्यंत 'एकेरी लाईन आहे, क्रॉसिंगला थांबावं लागतं' हे आम्ही वर्षानुवर्षं ऐकलं आणि मानलं. आता तेच उत्तर नव्या शब्दांत चालणार नाही.

देखभालीची सोय नाही, असंही म्हणाल, आणि यात तथ्य आहे. मेमूला पिट लाईन, म्हणजे खाली उतरून गाडी तपासता येईल अशी खड्ड्यावरची लाईन लागते, तारेखालची शेड लागते, शिकलेली माणसं लागतात. पण कुर्डुवाडी हे नॅरोगेजच्या काळापासून वर्कशॉपचं गाव आहे. तिथल्या घराघरात फिटर आहेत. जागा शोधायला फार लांब जावं लागणार नाही.

कुणी म्हणेल, आता सोलापूरहून विमानही उडतं. उडतं. २०२५ मध्ये सुरू झालं. त्यासाठी २०२३ मध्ये विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली गेली, शहर दोन गटांत भांडलं. पण वाकावच्या पोराला विमानाने मोहोळला जाता येत नाही.

मागण्या आता सरळ लिहिते.

एक, जाहीर झालेल्या शंभर मेमूंपैकी सोलापूर विभागाला किती आणि कोणत्या वर्षी, हे लेखी जाहीर करा.

दोन, विभागासाठी किमान दहा रेक मागवा. हा आकडा हवेतून आलेला नाही, फळ्यावर मांडलेला आहे. सोलापूर–दौंडला सगळीकडे थांबत एका बाजूला चार तास धरले तर सकाळ-दुपार-संध्याकाळ दोन्ही टोकांकडून गाडी द्यायला तीन रेक लागतात. सोलापूर–कलबुर्गी एकशे तेरा किलोमीटर, तिथे दोन. लातूर–कुर्डुवाडी–पंढरपूर पट्ट्याला दोन. तुळजापूर लाईनला सुरुवातीला दोन. एक राखीव, कारण गाडी आजारी पडतेच. तुमच्या वेळापत्रकवाल्यांकडे याहून चांगलं गणित असेल, तर ते दाखवा, मी माझं खोडेन.

तीन, तुळजापूर लाईनच्या उद्‌घाटनाच्या तारखेआधी तिच्या रेकची मंजुरी आणि वेळापत्रक जाहीर करा. पहिल्या दिवसापासून जाऊन त्याच दिवशी परत येता आलं पाहिजे.

चार, देखभालीची शेड विभागातच करा.

पाच, येणाऱ्या गाड्यांत चालू स्थितीतलं शौचालय आणि बायकांचा स्वतंत्र डबा हवा. वाहतं पाणी हवं. छोट्या स्टेशनांवरचे फलाट इतके खाली आहेत की म्हाताऱ्या माणसाला गुडघा छातीला लावून चढावं लागतं. स्टेशनांना रंग देण्याआधी ते फलाट वर उचला.

सहा, भाडं साधंच राहू द्या. गाडी नवी आली म्हणून तिकिटावर पुन्हा 'एक्स्प्रेस' छापू नका.

आणि लोकप्रतिनिधींना वेगळं सांगते. थांबा मिळाला की सत्कार घेता, झेंडा दाखवताना फोटोत असता, ठीक आहे, ते तुमचं काम. पण एखाद्या अधिवेशनात उभं राहून 'माझ्या विभागाला किती मेमू मागवल्या' एवढा एक प्रश्न विचारा. सभागृहात विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं, आमच्या निवेदनाला द्यावं लागत नाही. थांबे मागण्यात तुम्ही एकमेकांशी स्पर्धा करता, आणि एकेका थांब्याने लांबची गाडी आणखी लांबते. रेक मागा, थांब्यांचं भांडण निम्मं आपोआप मिटेल.

शाळेला सुट्टी लागेपर्यंत उत्तराची वाट पाहीन. तोपर्यंत उत्तर आलं तर ते जसंच्या तसं याच ठिकाणी छापेन, मग ते आमच्या बाजूचं असो वा नसो. नाही आलं तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज तयार आहे, त्यात हेच सहा मुद्दे आहेत, आणि सह्या करायला मोहोळपासून जिंती रोडपर्यंतची माणसं.

कळावे.

आपली,
पासधारक प्रवासी आणि गणिताची एक शिक्षिका,
सोलापूर